काठीशेजारी

जुन्या वास्तूंचे फोटो काढणं हा माझा धंदा, आणि प्रत्येक फोटोत मापाची काठी धरून उभं राहणं हा माझ्या बायकोचा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन मीटरची काठी. "दरवाजा किती उंच ते कळावं म्हणून लग्न केलंत माझ्याशी," असं ती चारचौघांत सांगते.

या प्राचीन शहराच्या तटाला अकरा दरवाजे आहेत. दुरुस्तीसाठी परांची बांधायच्या आत सगळ्यांचे फोटो हवे होते. दिवसभर वर्दळ असते, पण त्यावर जुनी युक्ती आहे. लेन्सवर काळी काच लावायची आणि कॅमेऱ्याचा पडदा दोन मिनिटं उघडा ठेवायचा. चालणारी माणसं उमटतच नाहीत. स्थिर उभा राहील तोच उमटतो.

चौथ्या दरवाजापाशी ती धूसर आली.

"हललीस."

"नाही हो. गुडघे दुखतायत, पण हलले नाही."

"मग काय कॅमेरा खोटं बोलतो?" मी खेकसलोच.

सातव्या फोटोत तिच्या अंगातून मागचे दगड मोजता येत होते. "घरी जाऊ या ना," ती म्हणाली. मी म्हणालो, "चारच तर राहिलेत." त्या वाक्याची आता लाज वाटते.

दहाव्या फोटोत नुसती काठी होती. मी चित्र मोठं करून पाहिलं. काठी सरळ उभी, पट्ट्यांच्या कडा अगदी स्पष्ट. धरणारा हात हलला असता तर काठीही हललीच असती ना!

अकरावा दरवाजा गेला खड्ड्यात. तिचा हात घट्ट धरून घरी आणलं. हात उबदार होता. "अहो, लोक बघतायत," ती लाजून म्हणाली.

ती आत पाय धुवायला गेली. मी जुने अल्बम काढले, बावीस वर्षांचे. पूल, मनोरे, कमानी. पानोपानी काठी उभी. एकटीच.

शेवटी लग्नाचा फोटो पाहिला. नवा कोट, चापून बसवलेले केस, मी. उजवं कोपर बाहेर काढलेलं. बाहीवर चुण्या, कुणी हात अडकवल्यासारख्या.

"अहो," नळाच्या आवाजातून तिने विचारलं, "आज नीट आलेय ना मी?"

"हो गं. छान आलीस."

ती काहीबाही बोलत राहिली. मी प्रत्येक गोष्टीला हं, हं म्हणत राहिलो. तिचं बोलणं थांबू नये, एवढंच हवं होतं.

नळ बंद झाला.

"काय म्हणालीस?" मी मोठ्याने विचारलं.