पहिलं दळण

प्रेरणा पिशवीत पाच किलो ज्वारी घेऊन दिग्रसच्या त्या गिरणीत पहिल्यांदा शिरली, तेव्हा गिरणीवाल्याचा इंद्रजीत चक्कीचं झाकण उघडत होता. भुवयांवरसुद्धा पीठ... तिला हसू आवरेना.

"पहिलं दळण माह्यं पाह्यजे. गव्हाच्या आधी!"

"काहून? राणीसायब हाय का तुमी?"

ती फणकारली, पिशवी ठेवून निघून गेली. त्यानंही मग खोडी काढली. आधी शेजारणीचा गहू दळला आणि त्यावरच तिची ज्वारी लोटली.

पंधरा दिवसांनी ती आली ती गाल बसलेली.

"तुह्या गव्हानं आजारी पाडलं मले. गहू पोटात गेला की माह्या अंगातले पहारेकरी त्याले दुश्मन समजतात. अन् त्या मारामारीत आतड्याचं अस्तरच झिजते. मंग खाल्लेलं अंगी लागत नाही. डॉक्टरनं मांगंच गहू जन्मभर बंद केला होता."

इंद्रजीतचा चेहरा पिठाहून पांढरा पडला. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटेच चक्की खोलून दगड झाडायचा, दोन मुठी ज्वारी आधी दळून गाईला टाकायचा, मग तिचं दळण घ्यायचा. गप्पा वाढल्या तशी तिची पिशवी हलकी होत गेली. पाच किलोऐवजी किलोभरच ज्वारी आणली, की आठवड्यातून दोनदा यावं लागे ना!

मग तिला नागपूरला नोकरी लागली. एसटी सुटेपर्यंत ती त्याच्या एका शब्दाची वाट पाहत होती... तो एवढंच म्हणाला, "पीठ संपलं की सांगजो."

तीन वर्षांत तिला पाच स्थळं आली. पाचही जणांना मुलगी पसंत होती, पण तिच्यासाठी घरातली कणीक बाजूला ठेवायला एकही जण तयार नव्हता. आपल्याला जेवू घालेल असं घर जगात नाहीच, असं तिला वाटू लागलं.

पाचवा नकार आला, त्या रविवारी ती दिग्रसला उतरली. गिरणीत तोच कोमट पिठाचा वास. कोपऱ्यात मात्र पांढऱ्या फडक्याखाली एक लहान चक्की नवीन दिसली.

"हे कोणाची होय?"

"ज्वारीची. हिच्यात गव्हाचा दाणा कधी गेला नाही." तो खाली बघत म्हणाला, "अन् घरातही नाही... तीन वर्षं झाले. आई रोज विचारते, जिच्यासाठी पोळ्या सोडल्या ते जेवायले येणार कधी?"

"मले... काहून नाही सांगितलं रे?"

"तू आजारी पडली ते माह्याच हातानं. कोणत्या तोंडानं सांगू?"

प्रेरणाचे डोळे भरून आले. तिनं पदरानं त्याच्या भुवईवरचं पीठ हलकेच पुसलं.

"आईले सांग, दोन भाकरी जास्त थापा म्हणा," ती म्हणाली. "मले भूक लागली."