अकरा पिना

"गौसियाआपा, हा मेला बघा. पंखा फिरतो अन् लगेच बंद पडतो."

आरती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातच उभी होती. ओढणीत गुंडाळलेला खोका तिनं पोटाशी धरला होता.

गौसियानं हातातला उघडा मोबाइल बाजूला सारला. टेबलाखाली तिची पाच वर्षांची लेक अलीझा चित्र रंगवत बसली होती. तिच्यावर एक नजर टाकून गौसियानं खोक्यासाठी हात पुढे केला. आरतीनं मात्र तो उंच काउंटरवर ठेवलाच नाही. नेहमीसारखा खाली फरशीवर ठेवला आणि स्वतः शेजारी उकिडवी बसली.

खोका म्हणजे गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर. त्यातला मदरबोर्ड वीतभरही नव्हता. पुण्याच्या एका कंपनीनं तो नवा बोर्ड आरतीकडे तपासायला पाठवला होता. आठवडाभर चालवायचा; किती तापतो, किती वीज खातो, कुठं अडखळतो ते लिहून कळवायचं. अहवाल पटला तर नोकरी. नाही पटला तर लातूरच्या क्लासमध्ये डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचं तिसरं वर्ष. अहवाल आज पाचच्या आत जायला हवा होता.

"बोर्डच खराब निघाला असेल तर?" गौसियानं विचारलं.

"तर तसं लिहीन. त्यांना तेच तर पाहिजे. पण हाताळणीत बिघडला असंल, तर मग मला कोण ठेवून घेणार?"

"शेवटचा कधी चालला?"

"काल सकाळी नऊला. बासष्ट डिग्री. वहीत हाय." आरतीनं वही उघडली. दर तासाचा आकडा, बारीक नीटस अक्षरात. "मग मी क्लासला गेले. दोनला आले तर असा."

"खोलीची किल्ली कुणाकडं?"

"एक माझ्याकडं, एक घरमालकीणबाईकडं. नीलाबाईकडं."

"मधल्या वेळात कोण आलतं?"

"अप्पा. दर गुरुवारी किल्लारीहून डबा आणतात. नीलाबाईनंच त्यांना दार उघडून दिलं."

गौसियानं खोका उघडला. चारही कोपरे धड होते. प्रोसेसरवरचा पंखा काढायला तिनं स्क्रू ड्रायव्हर लावला आणि ती थांबली. स्क्रू हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठं सुटला. चारही तसेच. तळहात लाल झाला.

पंख्याखाली उष्णता ओढून घेणारी राखाडी पेस्ट होती. तिच्यावर दोन ठसे, एकावर एक, किंचित तिरके.

तिनं प्रोसेसर उचलला आणि भिंग डोळ्याला लावलं. खाली हजारावर सोनेरी पिना, केसाहून बारीक. एका कोपऱ्यात अकरा पिना आडव्या झालेल्या. एका ओळीत.

गौसियानं भिंग खाली ठेवलं. गेल्या रविवारी याच दुकानात तिनं सांगितलं होतं, "यात बाकी सगळं माफ हाय. या पिनांना तेवढं बोट लावू नका." तेव्हा समोर तिघं होती. आरती, तिचे अप्पा आणि मोबाइलचा चार्जर घ्यायला आलेल्या नीलाबाई.

नीलाबाई समोरच राहायच्या. हाक मारल्यावर पदर खोचतच आल्या.

"माझ्यावर आळ घेती का गं?"

"खोका नाल्यात टाकीन म्हणाला होता ना तुम्ही?" गौसियानं विचारलं.

"म्हणाले. मीटर पळून राहिलं तर काय पेढे वाटू?"

"काल आत गेला होता?"

"भुजंगभाऊला दार उघडून दिलं अन् पळाले. टँकर आला होता. अकरापासून एकपर्यंत मी घागरी घेऊन रस्त्यावर. साऱ्या गल्लीला इचार. एकला भाऊनी तिथंच येऊन किल्ली दिली."

तेवढ्यात आरतीचे अप्पा, भुजंगच, दारात आले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस. किल्लारीत पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. बोटांत काळं तेल कायमचं मुरलेलं. आरतीचा फोन गेल्यावर मिळेल त्या जीपनं आले होते.

त्यांनी उघड्या खोक्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"नीलाबाईला काही बोलू नका, ताई. मीच पाडला."

"अप्पा?"

"फळीवर होता. तुझ्या उशाच्या बरोब्बर वर. आपल्यात डोक्यावर वजन ठेवत न्हाईत, त्र्याण्णवपासून. उतरवाया गेलो, हातातून निसटला. तुला सांगायचं धाडस झालं न्हाई."

किल्लारीच्या माणसानं त्र्याण्णव म्हटलं की भूकंपाचं पुढचं काही विचारायचं नसतं. नीलाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"चुकून झालं. अपघात म्हणून लिहिते," आरती हळूच म्हणाली. ती बापाकडे बघत नव्हती.

गौसियाला इथंच थांबता आलं असतं. अलीझा टेबलाखालून म्हणाली, "अम्मी, भूक लगी." गौसियानं तिच्या हातात बिस्किट दिलं आणि वळली.

"भुजंगभाऊ, हा पडलेला नाही."

"मी सांगतोय ना!"

"पडला असता तर कुठंतरी कोपरा चेपला असता. एक ओरखडा दाखवा मला. आणि पिना? त्यांच्यावर प्रोसेसर बसवून खटक्यानं दाबलेला असतो. माळ्यावरून टाकला तरी अशा वाकणार नाहीत. कुणीतरी पंखा काढला, प्रोसेसर उचलला, टोकदार काहीतरी ओळीनं ओढलं आणि सगळं परत बसवलं. म्हणून पेस्टवर दोन ठसे हायेत."

"मग नीलाबाईनी..."

"भाऊ, माझा हात बघा." तिनं लाल तळहात पुढे केला. "आरती दोन बोटांनी स्क्रू पिळती. हे स्क्रू पंपाची मोटार आवळावी तसे आवळलेत. नीलाबाईला एवढं यायचं नाही, अन् त्या तर टँकरवर होत्या. दोन तास खोलीत तुम्हीच."

भुजंगनी तेलकट बोटं मुठीत मिटली.

"आणि फळी! तुमच्या घरात वाढलेली पोर उशावर वजन ठेवील? माझ्या काउंटरवरसुद्धा ठेवत नाही ती. खाली फरशीवर ठेवती."

"टेबलाखाली होता, अप्पा," आरती म्हणाली. तिला ते मघाशीच कळलं होतं.

"नाजूक काय असतं ते मीच सांगितलं तुम्हाला," गौसिया म्हणाली. "तेवढी चूक माझी."

भुजंग काउंटरला टेकून खाली बसले. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"माझी बहीण तारामती. नऊ वर्षांची. मी सतरा. हातांनी माती उकरून काढली तिला. जिती होती. दीड दिस जिती होती. अंगावर एक जखम न्हाई, नुसतं पाणी मागायची. तिला बघाया येईल असा एक डाक्टर घावला न्हाई मला. तवाच ठरवलं, आपल्या घरात एक डाक्टर." त्यांनी आरतीकडे पाहिलं. "ही पुण्याला गेली असती तर संपलंच होतं. वाटलं, येवढी नोकरी हुकली की वळंल."

"दोनदा वळले की, अप्पा," आरती म्हणाली. आवाज चढला नाही, एवढंच. "दोनदा नापास झाले."

भिंतीवरचं घड्याळ सव्वातीन दाखवत होतं.

"सरळ व्हतील का?" भुजंगनीच विचारलं.

गौसियानं शिवणाची बारीक सुई घेतली. भुजंगनी मोबाइलच्या बॅटरीचा उजेड धरला. वाइंडिंगची तार धरायची सवय असलेला हात, जरासुद्धा हलला नाही. एक पिन उभी राहिली. दुसरी. नीलाबाई मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होत्या. पाच. आठ. दहावी उभी राहिली तेव्हा भुजंग पहिल्यांदा श्वास सोडून म्हणाले, "हाव, हाव, आली."

अकरावी मुळापासून तुटली.

आवाजसुद्धा झाला नाही. तो सोनेरी कण सुईच्या टोकाला चिकटून वर आला. भुजंगनी उजेड आणखी जवळ आणला.

"दुसरी बसवता येती का, ताई?"

"नाही, भाऊ."

आरतीनं वही मांडीवर घेतली. बासष्टच्या आकड्याखाली लिहिलं, 'बोर्ड उत्तम. प्रोसेसर काढताना पिना माझ्या हातून वाकल्या.' त्या पानाचा फोटो कंपनीला पाठवून दिला. चार वाजायचे होते.

"आरती, माझं नाव लिही की गं," भुजंग म्हणाले.

"काय उपयोग?"

तिनं खोका परत ओढणीत गुंडाळला आणि पायात चपला सरकवल्या.

"चला अप्पा. क्लासची सहाची बॅच गाठायची हाय."