कपाच्या काठावरची साय

खीर सांडू नये म्हणून डबा मांडीवर धरूनच मी गाडीत बसले. ड्राइव्ह करत होती आमची सून प्रीता. इथेच अमेरिकेत जन्मलेली, पण जीव लावणारी पोर. एडिसनहून सव्वा तासावर एक दरी आहे, तिथे निघालो होतो. पूर्वी त्या दरीतून रेल्वे जायची; रूळ काढून आता नुसती चालायची वाट ठेवलीय. दोन्हीकडे चुनखडीचे कडे, आणि ऑक्टोबरात झाडं अशी पिवळीधमक होतात की ह्यांना वेडच लागायचं.

त्याच वाटेवर, त्याच्या बरोबर वर्षभर आधी, एका बाकावर हे गेले होते. एकटेच. आणि एकटे का, तर माझ्यामुळे. सकाळी चहावरून भांडले मी. चहावरची साय बोटाने काढून कपाच्या काठाला चिकटवायची ह्यांची घाणेरडी सवय. चौतीस वर्षं ते कप घासले मी! म्हटलं, "जा एकटेच, मी नाही येत." संध्याकाळी पोलिसांचा फोन आला.

दहाव्याला कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि सगळे जेवायला बसले. माझ्या घशाखाली घास उतरला नाही गं. राग धरूनच गेले हे, असंच वर्षभर वाटत राहिलं. म्हणून वर्षश्राद्धाचं पान मी त्याच बाकावर ठेवायला निघाले होते. एकदा कावळा शिवू दे, म्हणजे सुटले.

दुपारचे तीनच वाजले होते, पण दरी अरुंद, ऊन वरच्या वरच अडलेलं. कड्यांच्या भेगांतून गार हवा येत होती, ओल्या चुन्याच्या वासाची. पाचोळ्यावर आमचीच पावलं वाजत होती. बाकावर पान मांडलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. शेजारी थर्मासमधला एक कप चहा ओतला. दुसरा कप थर्मासवर उपडाच राहिला.

चार-पाच कावळे आले आणि फांदीवर बसून राहिले.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "या हो... जेवून घ्या."

एकही हलेना.

"आई, आपण थोडं लांब जाऊ या?" प्रीता हळूच म्हणाली. "मेबी दे आर शाय."

वळणापर्यंत जाऊन आम्ही पाठ करून उभ्या राहिलो. मग वास आला... दगडी कोळशाच्या धुराचा. माझं बालपण भुसावळला गेलंय, तो वास मी विसरेन होय? आणि मागे खडीवर जड बूट वाजले. करकर... करकर... बाकापाशी थांबले.

प्रीताने माझा दंड घट्ट धरला. तिने वळून पाहिलं होतं.

"बाबा आहेत?" मी विचारलं.

"नो... कोणीतरी ओल्ड माणूस. काळा कोट... हातात कंदील. आई, ही लुक्स सो हंग्री..."

मी वळले तर बाक रिकामा. पान चाटूनपुसून साफ. कावळे अजून फांदीवरच होते.

आधी संतापच आला मला. "मेल्या, माझ्या नवऱ्याचं पान होतं ते!" ओरडले त्या दरीत. आणि मग रडूच कोसळलं. चूक माझीच होती. नवऱ्याचं नाव कुठे घेतो आम्ही! नुसतंच "या, जेवा" म्हटलं. ज्याला ऐकू आलं तो आला. रेल्वे बंद होऊन साठ वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत त्याला कोणी जेवायला बोलावलं नसेल.

"जेवलास ना? सुखी राहा बाबा," म्हटलं. प्रीताने सगळं पिशवीत कोंबलं.

घरी आल्यावर तिने सिंकपाशी उभं राहून हाक मारली. "आई... दोन्ही कप वापरले आपण?"

एका कपावर कोळशाची काळी बोटं उमटली होती. आणि जो उपडा होता, त्याच्या काठाला साय चिकटवलेली. नीट, बोटाने, ह्यांच्यासारखी.

त्या आदल्या वर्षीही बाकावर हे एकटे नसतील, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

तो कप मात्र घासला नाही. तो बघ, त्या फळीवर. वर्ष होत आलं. काल सहज बोट लावून पाहिलं... साय अजून ओलीच आहे.