माती की रसायन?

दाखल्यांची खोली समजून तिने दार ढकललं आणि दारामागच्या टेबलावरचे दोन ट्रे धाडकन खाली आले.

"झालं!" पांढऱ्या कोटातल्या तरुणाने कपाळाला हात लावला. "आता बारा नंबरची माती कुठली आणि तेरा नंबरची कुठली, तुम्हीच सांगा."

"दोन्ही सारख्याच तर दिसतायत…"

"हळू बोला. मातीने ऐकलं तर रुसेल."

तिला हसू आवरेना. तो कॉलेजच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत सहायक होता. ती परदेशी शिकायला जायचं म्हणून गुणपत्रिकेवर शिक्का घ्यायला आली होती. शिक्का दहा मिनिटांत मिळाला. ती मात्र महिनाभर येत राहिली. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा त्याने तिच्या तळहातावर चिमूटभर माती ठेवून दोन थेंब पाणी टाकलं. "वळ." बारीक वात वळली, तुटली नाही. "चिकणमाती," तो म्हणाला… आणि तिचा हात सोडायचं विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही.

अर्ज एकाच विषयाचा भरायचा होता. रसायनशास्त्र घेतलं तर दोन वर्षांत परत. मृदाशास्त्र घेतलं तर संशोधन धरून सहा.

"काय निवडू?" तिने विचारलं. डोळे वेगळंच विचारत होते.

तो चाळणी हलवत राहिला. "माती. रसायनाचं नाव काढलं की तू जांभया देतेस."

"सहा वर्षं आहेत…"

"मोजता येतात मला."

एवढंच! रागारागात तिने संध्याकाळी अर्ज भरून टाकला.

"माती खायला इतक्या लांब चाललीस होय?" बाबांनी चेष्टा केली. ती ओढूनताणून हसली.

निघायच्या आदल्या दिवशी ती त्याला भेटायला गेली. न राहवून म्हणाली, "एकदा थांब म्हणाला असतास तर—"

"मलाही परदेशी प्रवेश मिळाला होता, चार वर्षांपूर्वी. आई थांब म्हणाली, थांबलो. अजून तिच्याशी धड बोलत नाही मी." त्याने मान खाली घातली. "तू माझ्याशी तशी वागली असतीस तर… सोसलं नसतं गं."

मग वाट बघशील? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सहा वर्षं कुणाला अडकवून ठेवायचं? "येते," एवढंच म्हणून ती निघाली.

विषय अचूक निघाला. ती त्यात रमली, तिचं नाव झालं. तिसऱ्या वर्षी तिच्या आईने फोनवर सहज सांगितलं — त्याचं लग्न ठरलंय. तिने अभिनंदन कळवलं.

लगेच उत्तर आलं.

"आभार. अडीच वर्षं वाट पाहिली. तू सांगितलं नव्हतंस, तरी."