गाळावरची फळी, बर्फावरची फळी

चैत्रात उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं, की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. ते बघायला निघालेला एक उंच गडी भेगाळलेल्या जमिनीवरून मोठ्या ऐटीत चालत आला... आणि मध्येच मांडीपर्यंत गाळात गेला.

"हलू नका! हलाल तेवढं खाली जाल."

जाळं बघायला निघालेली म्हाळसा येत होती. चालत नव्हे, घसरत. एक गुडघा लाकडी फळीवर टेकलेला. दुसऱ्या पायानं गाळ मागं रेटला, की फळी सुळकन पुढं. पाणी हटलं की इथले मासे धरणारे आपल्या जाळ्यापर्यंत असेच जातात.

"गाव कंचं?" तिनं विचारलं.

"वरकुटं."

"तरीच! उसाच्या सरीतनं चालल्यागत चाललाय. वर पापुद्रा असतोय, खाली सगळी खीर."

"आता काढताय, का नुसतं हसताय?"

"आधी हसून घेते. रोज कुठं असं कुणी गावतंय..."

ती सहज बोलून गेली, पण ते खरंच होतं. आबा, म्हणजे तिचे वडील, जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात एकच ताट मांडलं जाई. मासळीवाल्याशी दोन शब्द झाले, की दिवसाचं बोलणं संपलं.

फळीवर छाती टेकवून तो बाहेर आला. एक बूट गाळातच राहिला. पण त्याचं लक्ष फळीवर.

"ही आमच्याकडंबी हाय," तो म्हणाला.

"वरकुट्यात?"

"न्हाय. हिमालयात."

त्याचं नाव शंभूराज. फौजेतून सुटल्यावर डोंगरातल्या एका गावात तो लोकांना बर्फावर घसरायला, स्कीइंग करायला शिकवत होता. दहा दिवसांसाठी भावाकडं आला होता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "बूट हुडकायला," म्हणाला. तिसऱ्या दिवशीही बूटच हुडकायला. बूट म्हाळसाला पहिल्याच संध्याकाळी सापडला होता. तिनं तो धुऊन पाटीखाली झाकून ठेवला होता. बोलली मात्र नाही.

"तुमच्या त्या गावात हे घसरायचं याड आणलं कुणी?" जाळं सोडवता सोडवता तिनं विचारलं.

"टपालवाल्यानं. साठ वर्षं झाली असतील. बर्फ पडला, की वरच्या वस्तीची वाट बंद. चार-चार महिने खबर न्हाय. आन् त्याची नवी नवरी वरच अडकलेली. गड्यानं देवदाराच्या दोन फळ्या तासल्या, टोकं वाफेवर वाकवली, चामड्याचे पट्टे मारले, आन् निघाला! लोक म्हणाले, खुळा झाला."

"पोचला?"

"सतरा वेळा पडला. पण पोचला. दुसऱ्या साली औषधं न्यायला दहाजण शिकले. मग पोरांनी शर्यती लावल्या. मग बाहेरची माणसं आली, तारेवरचे पाळणे आले... आता हिवाळ्यात पाय ठेवायला जागा नसती. म्हातारा अजून हाय. त्यानंच शिकवलं मला."

"आन् म्हातारी?"

"ती सांगती, टपाल निस्तं नावाला. आलता माझ्यासाठी." तो थांबला. तिच्याकडं बघून हळूच म्हणाला, "बूट बी निस्ता नावालाच हाय..."

म्हाळसानं मान खाली घातली. पाटी उचलून बूट त्याच्यापुढं सरकवला. दोघंही हसले.

नवव्या दिवशी तो म्हणाला, "उद्या गाडी हाय. म्हाळसा... चल माझ्यासंगं. लगीन करू."

ती चालू लागली. तो मागोमाग. गाळातून वर आलेल्या जोत्यांमध्ये एका दगडी उंबऱ्याशी ती थांबली.

"हे आमचं बुडालेलं घर. दरसाल पाणी उतरलं, की उंबरा धुवायचा, दिवा लावायचा. आधी आजा, मग आबा... आता मीच उरले. मी गेले तर हितं कोण येणार?"

वारा सुटला होता. लांब पाण्यावर एकच होडी हलत होती.

उंबऱ्यावरचा गाळ हातानं पुसत तिनं विचारलं, "बर्फ किती महिने असतो?"

"चार. मार्गशीर्ष ते फाल्गुन."

"आन् बाकीचे आठ?"

"तिथल्याच एका हाटेलात काम करतो."

"तितं कोण हाय तुमचं?"

"कुणी न्हाय. पण हितं भावाच्या घरी बी पाव्हणाच की मी..."

"मग ते आठ महिने माझ्याकडं या. पाव्हणं म्हणून नव्हं."

तो बघतच राहिला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर आला, आणि लगेच थबकला. "आन् ते चार महिने? तू पुन्हा एकटीच..."

"एकटं ऱ्हायाची मला सवय हाय," म्हाळसा म्हणाली. "कुणाची वाट बघत एकटं ऱ्हायले न्हाय कधी. ते... शिकीन."