पोकळीतली हवा

दमयंती काशिराम कोळी यांचं पत्र मला २०१५च्या ऑगस्टमध्ये आलं. शाळेच्या वहीची दोन पानं, निळी शाई, प्रयोगशाळेचा पत्ता आणि वर माझं नाव. मी ते वाचलं आणि धातुशास्त्राच्या एका जाड पुस्तकात ठेवलं. उत्तर दिलं नाही. मसुदे केले, चार की पाच. प्रत्येकात 'कदाचित' हा शब्द इतक्या वेळा येई की शेवटी कागद फाडावा लागे.

पत्रातली हकीकत मला आधीच ठाऊक होती. उरणकडच्या खाडीत एका खासगी जेट्टीच्या खांबांची दुरुस्ती चालली होती. छप्पर असलेला एक लोखंडी पाळणा क्रेननं खाली सोडायचे आणि त्यात उभं राहून माणसं काम करायची. पाळणा ज्या कडीला टांगायचा ती कडी त्या दिवशी काशिरामनं अडकवली. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा होता, दमयंतीचा धाकटा भाऊ मिथुन. कडी तुटली, पाळणा छपराखाली कोंडलेल्या हवेसकट पाण्यात गेला आणि तळाच्या चिखलात रुतला. वर काढला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि दोघंही गेले होते. जेट्टीच्या कंपनीनं सांगितलं, कडी नीट अडकवली नव्हती.

दमयंतीनं लिहिलं होतं: 'माझी आई मला दारात उभी करत नाय. म्हणते तुझ्या नवऱ्याने माझा पोरगा मारला. तुमी लोखंड तपासले असे कळले. चूक लोखंडाची का माणसाची, तेवढे लिहा.'

तेव्हा मी निवृत्त प्राध्यापक होतो. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून जात असे. तिथे नवीन प्लाझ्मा एफआयबी आलं होतं. या यंत्रात झेनॉन वायूच्या आयनांचा झोत धातूचा एक अतिशय पातळ थर खरवडून काढतो, आणि उघड्या पडलेल्या भिंतीचा फोटो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घेतो. मग पुढचा थर. असे हजारभर फोटो रचले की धातूच्या आतलं सगळं दिसतं. हे सगळं निर्वात पेटीत होतं. अहवाल मागणाऱ्यांना एक गोष्ट मी नेहमी सांगत असे: ज्या थराचा फोटो तुम्ही बघताय, तो थर आता जगात नाही.

यंत्र मुबीना पटेल चालवायची. पनवेलचीच, चाळिशीची, हात अत्यंत स्थिर. मला ती चिडवायची.

"सर, तुम्ही सॅम्पललासुद्धा 'आत येऊ का' विचाराल."

"विचारलेलं बरं असतं," मी म्हणालो होतो.

तुटलेल्या कडीचा नखाएवढा तुकडा आम्ही मंगळवारी आत ठेवला. दोनशे बाराव्या थराला पहिली पोकळी दिसली. लांबट, गुळगुळीत भिंतीची. लोखंड घडवतानाच आत वायू अडकला की अशी पोकळी राहते. झोतानं ती उघडली तेव्हा पेटीतला दाब दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजच्या आलेखावर एक उंचवटा आला आणि खाली बसला. अडकलेला वायू बाहेर पडला, इतकंच. सातशेव्या थरापर्यंत पोकळ्यांची माळ तयार झाली होती आणि ती थेट तुटलेल्या कडेपर्यंत जात होती.

"लोखंडच पोकळ होतं," मुबीना म्हणाली. "आरोपातून सुटला बिचारा."

उत्तर मिळालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुबीनानं चहासाठी झोत बंद केला. कप हातात घेऊन ती पुन्हा पडद्यासमोर आली आणि उभीच राहिली.

"सर, बीम बंद आहे ना?"

"तुम्हीच बंद केलात."

"मग हे काय आहे?"

आलेखावर उंचवटे येत होते. एक लहान, घाईघाईचा. दुसरा मोठा, संथ. दोन वेगळ्या मालिका, एकमेकींत मिसळत, पुन्हा सुट्या होत. सात मिनिटांनी लहान उंचवटे थांबले. मोठे मात्र येतच राहिले. आधी जलद झाले. मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. सुरुवातीपासून सव्वीस मिनिटं झाली आणि रेघ सरळ झाली.

चहावर साय धरली होती.

मी चिकित्सक माणूस आहे, निदान तसं स्वतःला सांगत आलो आहे. आम्ही गळती तपासली. पंप तपासला. रस्त्यावरून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरांच्या हादऱ्याचा संशय घेतला. तुलनेसाठी सिलिकॉनचा तुकडा आत ठेवून अर्धा तास बसलो. रेघ सरळ. कडीचा तुकडा पुन्हा ठेवला. झोत चालूच केला नाही. पेटी निर्वात झाली आणि ते सुरू झालं.

सात मिनिटं. मग सव्वीस.

रविवारी ट्रेलर तुरळक असतात म्हणून रविवारी येऊन पाहिलं. सेकंदाचाही फरक नाही. दुसऱ्या मालिकेतला शेवटचा उंचवटा येऊन गेला तेव्हा मुबीनानं ओढणी डोक्यावर घेतली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मग तिनं पेटी उघडली.

"वास येतोय, सर?"

"नाही," मी म्हणालो.

येत होता. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा.

त्या वेळी मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. दात काढल्यावर गालाला वाटतं तसं, आपलं आहे पण आपलं नाही. मी घरी नवीन पनवेलला आलो, वरणभात खाल्ला, झोपलो.

अहवाल लिहिताना मात्र माझा जुना रोग उफाळला. गेज असं वागत असेल तर यंत्र बिघडलेलं आहे. यंत्र बिघडलेलं असेल तर पोकळ्या तरी खऱ्या कशावरून? सात वेळा वाचून मी शेवटी एक वाक्य घातलं: 'निर्वाताच्या नोंदींत न उलगडलेला दोष आढळल्याने वरील निष्कर्ष निश्चित मानू नयेत.' कंपनीनं अहवालातलं तेवढंच एक वाक्य उचललं. लोखंडात दोष सिद्ध झाला नाही. म्हणजे दोष काशिरामचा.

पत्र त्यानंतर आलं. आणि पत्रानंतर महिन्याभरानं दमयंती स्वतः आली. फाटकावरून तिचं नाव कळवलं, काचेतून ती येताना दिसली आणि मी यंत्राच्या खोलीत जाऊन दाराआड उभा राहिलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस.

"सायब हायत का?"

मुबीनानं दाराकडे पाहिलं असावं.

"बाहेर गेलेत. काय काम होतं, ताई?"

"पत्र धाडलं व्हतं. ऱ्हाऊ दे त्या. आईनं शेजारनीकडनं येक इचारायला सांगितलंय. मिथुनला जीव जायाला लय येल लागला का?"

"ते मशीनला कसं कळणार?"

"तुमची मशीन लोखंडाच्या पोटातलं बगते म्हनं. सगलं बगते, न येवडं नाय बगत?"

पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा. नंतर मुबीना आत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेली. या बाहेर."

यानंतर तीन वर्षं गेली. मी तिथे जाणं सोडलं. मागच्या महिन्यात मुबीना घरी आली. ती नवऱ्याकडे कुवेतला कायमची चालली होती. तिनं मोजमापांची डिस्क टेबलावर ठेवली.

"मासळी बाजारात ती बाई भेटली, सर. कोळंबी विकते. आई आता अंथरुणाला आहे. अजून घरात घेत नाही."

मी डिस्क उचलून पुन्हा खाली ठेवली.

"विचारत होती, सायब हायत का अजून. मी म्हटलं, आहेत. खोटं एकदा बोलले तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा नाही बोलणार."

ती गेल्यावर मी सगळे फोटो पुन्हा पाहिले. पोकळ्या जिथे होत्या तिथेच होत्या. त्या तेव्हाही खऱ्या होत्या.

काल उत्तर लिहिलं. एकाच बैठकीत, 'कदाचित' न घालता. 'कडीच्या लोखंडात ती घडवली तेव्हापासूनच पोकळ्या होत्या. कोणीही अडकवली असती तरी ती तुटली असती. काशिराम यांची चूक नव्हती. अहवालातलं शेवटचं वाक्य माझं होतं आणि ते चुकीचं होतं. हे पत्र आईंना वाचून दाखवावं, आणि हवं त्याला दाखवावं.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. सोबत सहा फोटो.

मग आईंच्या प्रश्नाचं उत्तर. त्यासाठी डिस्कवरचा आलेख उघडला. लहान श्वास कोणाचे, मोठे कोणाचे, हे त्यावरून कळत नाही. आयुष्यात जे मोजलं त्याच्या उलट मी कधी लिहिलं नव्हतं.

आज सकाळी पोस्टात रांग नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं, पत्ता वाचला, तिकिटं लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.

आत शेवटची ओळ होती, 'दोघांनाही वेळ लागला नाही.'

पहिला थांबल्यावर दुसरा एकोणीस मिनिटं एकटा होता.