अव्वाच्या खोलीचं पार्टिशन

उमरग्यात जिप्समचं पार्टिशन म्हटलं की लोक विरेशचं नाव घेत. हायवेलगतच्या निम्म्या दवाखान्यांत त्याच्याच हातचं काम. समोर उघडं भोक असलं तर हा माणूस जेवायलाही बसत नसे. त्यामुळे खुद्द त्याच्याच घरातल्या भिंतीला भोक पडलं, तेव्हा त्याच्या बायकोला, राजेश्वरीला हसू आवरेना.

ती भिंत त्यानं आईसाठी घातली होती. तिला सगळे अव्वाच म्हणत. लकव्यानं अव्वाची वाचा गेली, डावं अंग गेलं. उरला एक उजवा हात. हॉलमध्ये पार्टिशन घालून पलीकडं तिची खाट आली, अलीकडं विरेशचा पलंग. भिंतीवर एकदा वाजवलं की पाणी, दोनदा वाजवलं की ये. ही खूण विरेशनंच शिकवली आणि तोच तिला कंटाळला. शेवटी "खोलीला रंग देतो, चार दिवसांत न्यायला येतो," असं सांगून त्यानं तिला अणदूरला, थोरल्या बहिणीकडं, गंगम्माक्काकडं सोडलं. त्याला दोन महिने झाले. रंगाचा डबा अजून आणलेला नव्हता.

भोक मुठीएवढं होतं, त्याच्या उशीजवळ. "उंदीर असंल," विरेश म्हणाला. मग वाकून त्यानं कडा निरखल्या. बोर्डाचा कागद आतून बाहेर फाटला होता. तो पलीकडं जाऊन आला. अव्वाच्या बाजूचा बोर्ड धड होता, साधा ओरखडाही नव्हता.

त्यानं चौकोन कापला, नवा तुकडा बसवला, जाळीची टेप लावून पुट्टी ओढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच भोक. हायवेच्या ट्रकांनी हादरत असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं.

त्याच दुपारी अक्काचा फोन आला.

"अरे, अव्वाला काय खोड लागलीय बघ. देव्हाऱ्यातल्या भस्माच्या वडीत बोटं घालायली. कवा बी बघावं तर बोटं पांढरीफट्ट."

"पुसत जा की."

"पुसते रे. तू कवा येतोस? दारात गाडी वाजली की उठायला बघती."

"येतो. भिंतीचं काम निघालंय."

या खेपेला ते खरं होतं, तरी त्याला आपलीच लाज वाटली.

दुसरं ठिगळही टिकलं नाही. राजेश्वरी आता हसत नव्हती. "ऱ्हाऊ द्या ती भिंत. अगोदर अव्वांना घेऊन या."

"असलं भोक ठिवून आणू व्हय?"

रविवारी दुपारी तो हट्टालाच पेटला. मोठा चौकोन कापून त्यानं आत हात घातला. आतली हवा कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. त्यानं दोन बोर्डांमधल्या पोकळीत ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, कोंबलं, मागं लाकडी पट्टी ठोकली, तुकडा स्क्रूनं आवळला. चार वाजता पुट्टीचा पहिला हात ओढला.

आतून हलकेच वाजलं. एकदाच.

"आणतो, अव्वा," तो सवयीनं म्हणाला आणि अर्धा उठला. मग पुन्हा खाली टेकला; अव्वा तर अणदूरला होती. भीती वाटली त्याला, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. त्यानं पुट्टीची पट्टी दाबून दुसरा हात ओढला. मग तिसरा. आवाज बंद झाला.

सव्वाचारला फोन वाजला.

"विरेश!" अक्का रडत होती. "अव्वानं हात पुढं केलाय आन् तसाच ऱ्हायलाय. खाली येईना, मागं येईना. समोर काय बी न्हाय रे, मोकळी हवा हाय. ओढलं की वरडायली!"

"कवापासनं?"

"चारपासनं. आन् बोटावर भस्म न्हाय रे ते. ओलं हाय. वाळत चाललंय."

विरेशनं भिंतीकडं पाहिलं.

पुट्टी कडेनं पांढरी पडत होती. आरशासारखी गुळगुळीत केलेली ती जागा मधोमध वर आली होती. चार उंचवटे, शेजारी शेजारी. बोटांच्या सांध्यांसकट.

"येतो, अव्वा," तो म्हणाला. "आत्ता निघतो. आधी हे कापतो."

त्यानं कटर उचलला, पातं बाहेर काढलं, भिंतीपाशी गुडघे टेकले.

पातं कुठं टेकवायचं, ते त्याला कळेना.